सत्तावीसचे बारा कसे वाजले?

चला, एक रॅपिड फायर! आपल्या देशात सरकारी बँका किती? मोबाइल खाली ठेवा, गुगलबाबाला विचारायचं नाही. वीस? पंचवीस? मार्च २०१७ मध्ये या प्रश्नाचं उत्तर २७ होतं. तीनच वर्षांनी, १ एप्रिल २०२० ला, ते झालं १२. सत्तावीसचे बारा वाजले म्हणा ना!

हिशेब लागत नाही? लावून देतो. स्टेट बँकेत सहा गेल्या, बँक ऑफ बडोदात दोन, २०२० च्या मेगा मर्जरमध्ये आणखी सहा. झाल्या चौदा. मग पंधरावी कुठे गेली? ती कुठेच गेली नाही! आयडीबीआय बँकेत एलआयसीने ५१ टक्के हिस्सा घेतला आणि जानेवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिला ‘खासगी’च्या रांगेत बसवलं. मोठी मालकीण सरकारी कंपनी, तरी बँक खासगी. डोकं खाजवू नका, पुढे चला.

माहीत आहे का, या तिन्ही मोठ्या विलीनीकरणांची तारीख एकच आहे? १ एप्रिल! २०१७, २०१९ आणि २०२०. एप्रिल फूल नव्हे हो, नवं आर्थिक वर्ष त्या दिवशी सुरू होतं, म्हणून हिशेबाला बरं. २०२० ची तर कमालच. लॉकडाऊनला जेमतेम आठवडा झालेला, आपण घरात बसून डालगोना कॉफी फेटतोय आणि तिकडे दहा बँकांच्या चार झाल्या. शेजारी काय चाललंय याचा पत्ता नव्हता, बँकेचं कोण बघतो?

सरकारी बँकांचं पहिलं ‘ट्रिपल’ मर्जर कोणतं? बडोदा, विजया आणि देना, २०१९. त्यातल्या देना बँकेचं नाव आलं तिच्या संस्थापकांवरून. देवकरण नानजी, त्यातला ‘दे’ आणि ‘ना’. गंमत पुढेच आहे. २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने या बँकेला नवी कर्जं द्यायचीच मनाई केली होती. नाव देना, आणि देणं बंद!

आजोबांचं खरं वय

स्टेट बँकेचा वाढदिवस १ जुलै १९५५. पण हे झालं शाळेच्या दाखल्यावरचं वय. खरी कुंडली काढली तर जन्मसाल निघतं १८०६! त्या वर्षी बँक ऑफ कलकत्ता निघाली, तिचीच पुढे बँक ऑफ बेंगॉल झाली. १८४० ला बँक ऑफ बॉम्बे आली, १८४३ ला बँक ऑफ मद्रास. जानेवारी १९२१ मध्ये तिघींची मिळून इंपीरियल बँक झाली, आणि १९५५ मध्ये तिचीच स्टेट बँक. म्हणजे देशातली सगळ्यात मोठी बँक मुळात जन्मालाच आली ती मर्जरमधून.

आता यात मुंबईचा मसाला! अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस यायचा थांबला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना मुंबईच्या कापसाची आठवण झाली. शहरात पैशाचा धो धो पाऊस. कापसाचे आणि शेअरचे बादशहा प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दाला बँक ऑफ बॉम्बेत भलतंच वजन. १८६५ मध्ये युद्ध संपलं, बाजार कोसळला आणि १८६८ मध्ये बँकही आडवी झाली. त्याच वर्षी त्याच नावाची नवी बँक उघडली, आणि १९२१ च्या त्रिकुटात जी गेली ती ही. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर माहीत आहे ना? तो याच प्रेमचंदांच्या देणगीतून उभा राहिला. राजाबाई हे त्यांच्या आईचं नाव.

जाता जाता १ जुलैचा योगायोग घ्या. बँक ऑफ मद्रास १ जुलै १८४३. कॅनरा बँक १ जुलै १९०६. स्टेट बँक १ जुलै १९५५. आणि एचडीएफसीचं महाविलीनीकरण १ जुलै २०२३. ज्योतिषांनी नोंद घ्यावी.

राजे, महाराजे आणि पासबुक

स्टेट बँकेच्या पोटात किती संस्थानं आहेत, माहीत आहे का? म्हैसूर, पतियाळा, त्रावणकोर, बिकानेर, जयपूर, हैदराबाद, इंदूर, शिवाय सौराष्ट्रातली काही. संस्थानं भारतात विलीन झाली, त्यांच्या बँका स्टेट बँकेच्या ‘असोसिएट’ झाल्या आणि मग त्याही विलीन. एकाच घराण्याचं दोनदा विलीनीकरण!

इंदूरची बँक तर आपल्या होळकरांची. १९२० मध्ये तिसऱ्या तुकोजीरावांच्या सनदेवर निघालेली, २०१० मध्ये स्टेट बँकेत गेली. पतियाळाची १९१७ ची, महाराजा भूपिंदरसिंगांची. म्हैसूरची १९१३ ची, आणि तिच्यामागे डोकं सर विश्वेश्वरय्यांचं. धरणवाले विश्वेश्वरय्या? होय, तेच! पाणी अडवणाऱ्या माणसाने पैसाही साठवायला शिकवलं.

मराठवाडेकरांनो, तुमचा मान वेगळा. ‘एसबीएच’ म्हटलं की नांदेड, परभणी, लातूरच्या निम्म्या मध्यमवर्गाचं पहिलं खातं डोळ्यांसमोर येतं. ही बँक १९४१ च्या कायद्याने निजामाच्या राज्यात जन्मली आणि हैदराबादचं स्वतंत्र चलन, उस्मानिया सिक्का, सांभाळायचं काम तिच्याकडे होतं. २०१७ मध्ये बोर्डावरचं ‘हैदराबाद’ गेलं. बोलण्यातलं अजून जायचंय.

आणि बडोद्याचे सयाजीराव? नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ दत्तक गेला, महाराज झाला आणि १९०८ मध्ये त्याने बँक ऑफ बडोदा काढली. वरच्या सगळ्या राजांच्या बँका गिळल्या गेल्या. या मराठी राजाची बँक मात्र इतरांना गिळून बसली आहे!

सगळ्यात छोटी कारकीर्द कोणाची? भारतीय महिला बँकेची. १९ नोव्हेंबर २०१३ ला मुंबईत थाटात उद्घाटन, १००० कोटींचं सरकारी भांडवल. १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीन. साडेतीन वर्षंही पुरी नाहीत. पुरुषांनाही तिथे खातं उघडता यायचं, पण हे अनेकांना कळेपर्यंत बँकच संपली.

एक जिल्हा, चार बँका, आणि पिग्मी

आता कर्नाटकात चला. मंगळूर आणि उडुपी. जुन्या दक्षिण कन्नड जिल्ह्यातली ही दोन गावं. या एका जिल्ह्याने देशाला किती राष्ट्रीयीकृत बँका दिल्या असतील? एक? दोन? चार! कॅनरा (१९०६, मंगळूर), कॉर्पोरेशन (१९०६, उडुपी), सिंडिकेट (१९२५, उडुपी) आणि विजया (१९३१, मंगळूर). वर कर्नाटक बँक आहेच, ती खासगीच राहिली. डोसा आणि डिपॉझिट, दोन्हींत उडुपीचा हात कुणी धरू नये.

चौघींपैकी आज नाव उरलंय फक्त कॅनराचं. सिंडिकेट तिच्यातच गेली, कॉर्पोरेशन युनियन बँकेत, विजया बडोद्यात. सिंडिकेट सुरू झाली तेव्हा तिचं भांडवल किती होतं, सांगा बघू? ८००० रुपये! आज तेवढ्यात बरा मोबाइल येत नाही.

पण थांबा, सिंडिकेटची खरी कमाई वेगळीच आहे आणि ती आजही तुमच्या गल्लीतून रोज फिरते. पिग्मी! होय, किराणा दुकानापासून पानटपरीपर्यंत संध्याकाळी हातात मशिन घेऊन येणारा तो पिग्मी एजंट. ही आयडिया सिंडिकेटची, १९२८ ची. रोज किमान दोन आणे, तेही दारात येऊन नेणार. विणकर, मासेविक्रेते, टांगेवाले यांनी बँकेत यायची वाट न बघता बँकच त्यांच्याकडे गेली. महाराष्ट्रातल्या पतसंस्थांनी ही पद्धत इतकी आपलीशी केली की पिग्मी मूळची आपलीच, असं आपल्याला छातीठोकपणे वाटतं. बँकेचा बोर्ड उतरला, तरी पिग्मीवाला काही रिटायर होत नाही. माझ्या मते भारतीय बँकिंगमधला सगळ्यात भारी शोध हाच. यूपीआय नंतर.

कादंबरीकार, कैदी आणि लाहोरकर

बँक काढणारा माणूस कसा असतो? सुटाबुटातला, आकडेमोडीत बुडालेला? मग हे घ्या. कालिकतची नेडुंगडी बँक १८९९ मध्ये काढली अप्पू नेडुंगडी यांनी. हे गृहस्थ कादंबरीकार! त्यांची ‘कुंदलता’ १८८७ ची. मल्याळममधली पहिली कादंबरी हीच, असं मानणारे बरेच आहेत. कथा गाजली, बँक १०० वर्षांहून जास्त टिकली आणि २००३ मध्ये पंजाब नॅशनल बँकेत गेली. केरळच्या कादंबरीचा शेवटचा अध्याय पंजाबीत!

आंध्र बँक कोणी काढली, माहीत आहे का? पट्टाभि सीतारामय्यांनी, १९२३ मध्ये, मच्छलीपट्टणला. १९३९ च्या काँग्रेस अध्यक्षपदाच्या निवडणुकीत सुभाषबाबूंकडून हरले ते हेच पट्टाभि. आणि महाराष्ट्राशी त्यांचं नातं? अहमदनगरचा किल्ला! १९४२ नंतर नेहरू, पटेल, आझाद यांच्यासोबत तेही तिथे कैदेत होते. पेशाने डॉक्टर, वृत्तीने लेखक, मुक्काम तुरुंगात आणि नावावर एक बँक. आंध्र बँक २०२० मध्ये युनियन बँकेत गेली.

लाहोर कनेक्शनही ऐका. पंजाब नॅशनल बँक लाहोरची, १८९४ ची. तिचं पहिलं खातं उघडलं लाला लजपतराय यांनी. ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्सही लाहोरचीच, १९४३ ची. फाळणीच्या धामधुमीत दोघींनी गाव सोडलं. ७३ वर्षांनी, २०२० मध्ये, दोघी दिल्लीत एक झाल्या. यावर वेब सीरिज का नाही निघाली अजून?

आणि याच मर्जरमधली तिसरी? कोलकात्याची युनायटेड बँक ऑफ इंडिया. ती १९५० मध्ये मुळात चार बंगाली बँका एकत्र येऊन झाली होती, आणि त्या चारातल्या दोन कोमिल्लाच्या. कोमिल्ला आज बांगलादेशात आहे. म्हणजे पंजाब नॅशनल या एका बँकेत मूळ पाकिस्तानातल्या, बांगलादेशातल्या आणि केरळच्या बँका नांदतायत. सार्क परिषदेला जमलं नाही ते इथे जमलंय.

उलटी गंगाही बघा. १८६५ ची अलाहाबाद बँक, १५५ वर्षांची आजी, विलीन झाली कोणात? १९०७ च्या इंडियन बँकेत! नातीच्या घरी आजी. इंडियन बँकेचं उद्घाटन कोणत्या तारखेला झालं होतं, विचारा. १५ ऑगस्ट! स्वातंत्र्याच्या बरोबर ४० वर्षं आधी.

शेवटचा शिलेदार

१९६९ मध्ये इंदिरा गांधींनी १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं, हे शाळेत पाठ केलंय. १९८० मध्ये आणखी सहा झाल्या, हे पाठ करायचं राहून जातं. आंध्र, कॉर्पोरेशन, विजया, ओरिएंटल, न्यू बँक ऑफ इंडिया आणि पंजाब अँड सिंध. यातल्या आज किती उरल्यात? फक्त एक, पंजाब अँड सिंध!

न्यू बँक ऑफ इंडिया तर १९९३ मध्येच गेली. दोन राष्ट्रीयीकृत बँकांचं देशातलं ते पहिलं मर्जर. १९६९ च्या १४ पैकी १० अजून तग धरून आहेत. १० अधिक १ अधिक स्टेट बँक, झाल्या १२. बघा, ताळेबंद जुळला.

त्या दहांमध्ये आपली महाबँक आहे. १९३५ मध्ये पुण्यात नोंदणी, फर्ग्युसनचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक वा. गो. काळे संस्थापकांत. मास्तरांनी बँक काढावी ती पुण्यातच! सगळीकडे विलीनीकरणाची लाट आली, तरी बँक ऑफ महाराष्ट्र जागची हलली नाही. पुणेकर दुपारी एक ते चार मर्जरलासुद्धा दार उघडत नसावेत.

कृष्णाकाठचं कोडं

आता नकाशा काढा. सातारा, कराड, सांगली, मिरज, कुरुंदवाड. काय साम्य? ‘कृष्णा नदी’ म्हणालात तर अर्धे मार्क. पूर्ण मार्क हवेत? या प्रत्येक गावाची स्वतःची व्यावसायिक बँक होती, आणि आज त्यातली एकही नाही!

मिरज स्टेट बँक १९८५ मध्ये युनियन बँकेत गेली. बँक ऑफ कराडचं नाव १९९२ च्या हर्षद मेहता घोटाळ्यात आलं. खोट्या बँक रिसीटा! यशवंतरावांच्या कराडची एवढीशी बँक आणि दलाल स्ट्रीटचा भूकंप. १९९४ मध्ये ती बँक ऑफ इंडियात गेली.

मग आलं २००६, कृष्णाकाठाला भोवलेलं साल. गणेश बँक ऑफ कुरुंदवाड, १९२० ची. भांडवल आटलं, जानेवारीत निर्बंध आले, प्रकरण कोर्टात गेलं, आणि सप्टेंबरात ती कोणाच्या पदरात पडली? फेडरल बँकेच्या. मुख्यालय केरळात, आलुवाला! पंचगंगेकाठचं खातं पेरियारकाठी. ठेवीदाराने मॅनेजरला रामराम घालावा की नमस्कारम, हा प्रश्नच.

त्याच सप्टेंबरात साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्न बँकेवर निर्बंध आले. १९३६ ची बँक, पश्चिम महाराष्ट्राच्या व्यापाऱ्यांची लाडकी. महिनाभरात, ३ ऑक्टोबरला, ती आयडीबीआयची झाली. आणि एप्रिल २००७ मध्ये सांगली बँक आयसीआयसीआयमध्ये. १९१६ ची ही बँक, हळद आणि गुळाच्या पेठेत वाढलेली. भाव काय ठरला, माहीत आहे का? सांगली बँकेच्या ९२५ शेअरना आयसीआयसीआयचे १००. हळदीच्या सौद्यात व्यापारी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवत, इथे थेट शेअर बाजारालाच कळवावं लागलं.

आता बोनस नगेट. सांगली, मिरज, कुरुंदवाड ही तिन्ही पटवर्धनांची संस्थानं. आणि सातारा, कराड, कुरुंदवाड? तिन्ही संगमाची गावं! साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा, कराडला कृष्णा आणि कोयना, कुरुंदवाडला कृष्णा आणि पंचगंगा. विलीन कसं व्हावं हे इथल्या नद्यांनी फार आधी दाखवून ठेवलं होतं.

कोल्हापूर मात्र वेगळं निघालं, ते निघणारच. १९४३ ची रत्नाकर बँक तगली, ‘आरबीएल’ असं स्टायलिश नाव घेऊन मुंबईत गेली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये दुबईच्या एमिरेट्स एनबीडीने तिच्यात मोठा हिस्सा घेण्याचा करार जाहीर केला. तांबडा-पांढरा थेट दुबईला!

फटाफट फटाके

मूल आईला गिळतं का? बँकिंगमध्ये गिळतं! एचडीएफसी लिमिटेड १९७७ ची, तिची बँक १९९४ ची. २०२३ मध्ये आई लेकीत विलीन झाली. दर २५ शेअरना बँकेचे ४२. आयसीआयसीआयने हा प्रयोग २००२ मध्येच केला होता.

वर्तमानपत्राची बँक ऐकली आहे? टाइम्स बँक, टाइम्स समूहाची. २००० साली एचडीएफसी बँकेत गेली. बातमी देणारेच बातमी झाले.

सुपरफास्ट मर्जर? तमिळनाडूतल्या करूरची लक्ष्मी विलास बँक. १७ नोव्हेंबर २०२० ला निर्बंध, २७ ला सिंगापूरच्या डीबीएसची भारतीय उपकंपनी तिची मालक. ठेवीदार सुखरूप, शेअरधारकांच्या हाती भोपळा. लक्ष्मी गेली, विलास संपला.

सगळ्यात लहान वयात मोठा घास कोणी घेतला? युनिटी स्मॉल फायनान्स बँकेने. वय जेमतेम तीन महिने, आणि जानेवारी २०२२ मध्ये तिने १९८४ ची पीएमसी बँक पोटात घेतली.

सहकारातही हेच वारं. १९१८ ची सारस्वत बँक आणि न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक ऑगस्ट २०२५ मध्ये एक झाल्या.

आकडा ऐका : १९५१ मध्ये देशात ५६६ व्यावसायिक बँका होत्या. १९६६ पर्यंत शंभराच्या आसपास उरल्या. १९६० मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक बुडाली, तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या हाती सक्तीने विलीन करायचा अधिकार आला, आणि छोट्या बँकांची रांगच लागली. ठेव विमा आला १९६२ मध्ये. सुरुवातीचं संरक्षण किती? १५०० रुपये. आज ५ लाख.

मोठं म्हणजे भारी असतं का? नरसिंहम समितीने १९९१ मध्ये तीन-चार अवाढव्य बँकांची शिफारस केली, आणि १९९८ मध्ये त्याच नावाच्या दुसऱ्या समितीने बजावलं : आजारी बँक वाचवायला धडधाकट बँकेच्या गळ्यात बांधू नका. पहिलं सगळ्यांना आठवतं. दुसऱ्याची आठवण करून द्यावी लागते.

भूगोलाची वाट लावणारी बँक कोणती? विदर्भ कोकण ग्रामीण बँक! २०१३ मध्ये झालेली, मुख्यालय नागपुरात. विदर्भ आणि कोकण यांची हद्द कुठेच भिडत नाही, पण बँकेच्या नावात मात्र दोघं खांद्याला खांदा लावून. संत्रं आणि हापूस एकाच पेटीत. त्याआधीची एक बँक तर ‘वैनगंगा कृष्णा’, राज्याच्या दोन टोकांच्या दोन नद्या! १ मे २०२५ पासून हा घोळ मिटला. ‘एक राज्य, एक ग्रामीण बँक’, आणि आपल्याकडे उरली फक्त महाराष्ट्र ग्रामीण बँक, मुख्यालय छत्रपती संभाजीनगर. देशभरात एके काळी १९६ असलेल्या ग्रामीण बँका आता २८. यातली पहिली १९७५ मध्ये मुरादाबादला निघाली होती, आणि तिचं नावच होतं ‘प्रथमा’.

आणि हो, विलीनीकरणाचा खरा त्रास कुणाला झाला? आयएफएससी कोड पाठ असलेल्यांना! विजया आणि देनाचे कोड १ मार्च २०२१ ला बंद, सिंडिकेटचे १ जुलैला. पगार अडकले, हप्ते परत आले, भिशीच्या ग्रुपवर हाहाकार. पण त्या ११ अक्षरांतली एक गंमत माहीत आहे का? पहिली चार अक्षरं बँकेची, शेवटची सहा शाखेची, आणि पाचव्या जागी कायम शून्य. कुठलीही बँक घ्या, पाचवं शून्यच. ते पुढे कधीतरी लागलं तर म्हणून राखून ठेवलंय. काढा पासबुक, बघा!